सोलापुरात राहून आशियातली आजची कला बघायला शिकायचं, तर सुरुवात कुठून करायची?

नवी पेठेतल्या टी-शर्टच्या ढिगात एक फूल अधूनमधून सापडतं. रंगीबेरंगी गोल पाकळ्या आणि मधे तोंड उघडून हसणारा चेहरा. घेणारा पोरगा ते 'स्मायलीचं फूल' म्हणून घेतो आणि विकणाराही तसंच समजून विकतो. ते फूल ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकाराचं आहे. मोबाइलच्या कव्हरवर काळ्या ठिपक्यांचा पिवळा भोपळा दिसतो, तो यायोई कुसामा यांचा. म्हणजे ही कला आपल्या गावात येऊन पोचलेली आहे, फक्त कोणी तिचं नाव-गाव विचारलेलं नाही.

ज्यांना ते विचारावंसं वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा दिलेली नसली तरी चालेल. मोबाइल, एक वही, कात्री, दोन रंगीत प्रिंट आणि पुढे कधीतरी मुंबईचं तिकीट, एवढं सामान पुरतं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकू. 'ह्याचा अर्थ काय?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचं की हे कशाचं केलंय, कसं केलंय आणि करणारा ते कोणाकडून शिकला. सोलापूरकराला ही सवय वेगळी लावावी लागत नाही. चादर हातात आली की तो आधी ती उलटी करून बघतो, मग रंगाबद्दल बोलतो. आशियातले आजचे बरेच कलाकार जुनी पद्धत, निसर्ग आणि बाजारातली चित्रं एकाच कामात आणतात. ते काम तपासायला चादर तपासणारी नजर फार उपयोगी पडते. पुण्या-मुंबईच्या कलारसिकांपेक्षा आपण इथे थोडे पुढे आहोत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पायरी १: घरातली चादर पसरा

थट्टा नाही, खरंच पसरा. जकार्डची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी जुनी चादर असेल तर उत्तम. उलटी केली की नक्षी तीच राहते, रंगांची अदलाबदल होते. आता नक्षीतला एक पूर्ण तुकडा शोधा, म्हणजे जिथून तीच आकृती पुन्हा सुरू होते तो. वहीत त्याचं साधं रेखाटन करा आणि शेजारी तीन ओळी लिहा. ह्यात निसर्गातलं काय आहे (मोर, वेल, फूल)? जुन्या सवयीनं आलेलं काय आहे (काठ, चौकटी, कमान)? बाजारासाठी घातलेलं काय आहे (विणलेलं नाव, शिक्का)? लहान मुलांच्या ब्लँकेटवर तर कार्टूनचं अस्वल किंवा उंदीर सर्रास असतो. म्हणजे हातमागाच्या पिढीजात शिकवणीतून आलेलं घराणं, यंत्रमाग आणि टीव्हीवरचं कार्टून एकाच कापडात आले. आपल्याला ज्या कलेकडे जायचं आहे तिथला मुख्य प्रश्न हाच आहे.

आणखी एक निरीक्षण लिहून ठेवा. चादरीवरच्या मोराला सावली नसते. त्याच्यामागे डोंगर दूर जात नाहीत, सगळं एका पातळीवर असतं. ही सपाटी पुढच्या पायरीत लागेल.

पायरी २: तीनच नावं निवडा

नवशिक्याला यादी मिळाली की तो यादीच वाचत बसतो. पहिले काही आठवडे तीनच कलाकार घ्या. दोन मी सुचवतो, तिसरा पुढच्या पायऱ्यांतून तुम्ही उचला.

मुराकामी, जन्म १९६२, टोकियो. त्यांनी निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रपद्धतीत शिक्षण घेतलं. खनिज रंग, सरस, कागद किंवा रेशीम, आणि विषय म्हणाल तर फुलं, पक्षी, ऋतू. त्यातच १९९३ मध्ये डॉक्टरेट केली. म्हणजे ते हसणारं फूल काढणारा माणूस जुन्या घराण्याची तालीम घेतलेला आहे. त्यांनी २००० च्या सुमारास 'सुपरफ्लॅट' हा विचार मांडला. जुन्या जपानी चित्रांतली सपाटी आणि आजच्या ॲनिमे-मांगातली (जपानी कार्टूनपट आणि चित्रकथांतली) सपाटी एकाच कुळातली आहे, आणि जपानमध्ये 'मोठी कला' व 'दुकानातला माल' यांच्यामधली भिंतही तितकीच सपाट आहे, असं त्याचं सार थोडक्यात सांगता येईल. मग त्यांनी ते करूनही दाखवलं. २००३ मध्ये लुई व्हितॉनच्या बॅगा, २००७ मध्ये कान्ये वेस्टच्या अल्बमचं कव्हर, आणि २०१० मध्ये थेट व्हर्सायच्या राजवाड्यात प्रदर्शन. तिथे फ्रेंच लोकांनी निदर्शनं केली, ही गोष्ट वेगळी.

इथवर वाचून 'हा तर धंदेवाईक' असं वाटू शकतं. म्हणून त्यांचं '५०० अर्हत' शोधून बघा. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर केलेलं हे चित्र २०१२ मध्ये दोहा इथं पहिल्यांदा दाखवलं गेलं. विद्यार्थी-सहायकांची मोठी फौज लावून ते पूर्ण केलं. बुद्धाच्या ५०० शिष्यांची ही परंपरा जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात कानो काझुनोबू या चित्रकारानं टोकियोच्या झोजो-जी मंदिरासाठी याच विषयावर शंभर गुंडाळीचित्रं काढायला घेतली होती. मुराकामींनी तो धागा उचलला आणि त्यात आपले भडक रंग व कार्टूनसारखे डोळे घातले. लांबी १०० मीटर, उंची सुमारे ३ मीटर.

मोबाइलवर १०० मीटर कळत नाही. म्हणून ६० बाय ९० इंचाची चादर माप म्हणून धरा. लांबीला लांबी लावत गेलं तर साधारण ४४ चादरी, आणि उंचीसाठी अशा दोन रांगा, म्हणजे जवळजवळ ८८ चादरी. पडद्यावरचं कुठलंही चित्र बघताना शेजारी दिलेलं माप वाचायचं आणि घरातल्या एखाद्या वस्तूत मोजायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या. माप दिलेलं नसेल तर त्या संकेतस्थळावर फार वेळ घालवू नका.

दुसऱ्या कुसामा. जन्म १९२९, मात्सुमोतो. घरचा व्यवसाय रोपवाटिकेचा आणि बियाण्यांचा, म्हणजे भोपळा हा त्यांच्यासाठी अंगणातला विषय. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि १९७३ मध्ये जपानला परतल्या. आरशांच्या खोलीत उभे राहून लोक सेल्फी काढतात ते त्यांचंच काम. मला त्या खोल्या त्यांचं सर्वांत कमकुवत काम वाटतात, कारण तिथे माणूस शेवटी स्वतःलाच बघून बाहेर येतो. त्याऐवजी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुरू केलेली 'इन्फिनिटी नेट्स' ही चित्रं बघा. मोठ्या कॅनव्हासवर हातानं घातलेल्या लहान लहान कमानींचं अखंड जाळं, बाकी काही नाही. ज्यानं मागावर दिवसभर तीच नक्षी येताना पाहिली आहे त्याला ह्यातला थकवाही दिसेल आणि नादही.

भोपळ्याची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जपानच्या नाओशिमा बेटावर समुद्रात शिरणाऱ्या धक्क्याच्या टोकाला त्यांचा पिवळा भोपळा १९९४ पासून होता. ऑगस्ट २०२१ मध्ये वादळानं तो उचलून समुद्रात टाकला. लाटांवर आपटणारा भोपळा लोकांनी मोबाइलवर टिपला आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा बसवला. निसर्गाचं चित्र काढणं वेगळं आणि निसर्गाच्या तावडीत काम ठेवणं वेगळं. हा फरक वहीत लिहा, चौथ्या पायरीत लागेल.

पायरी ३: सुताचे कलाकार, सोलापूरकरांसाठी खास

इथे जास्त वेळ द्या. बाकीच्या गावांना हे शब्दांत समजावावं लागतं, इथे शेजारच्या गल्लीत जाऊन विचारता येतं.

दिन क्यू. ले हे व्हिएतनामी कलाकार. जन्म १९६८, कंबोडियाच्या सीमेजवळच्या हा तियेन गावात. लहानपणी कुटुंबासह देश सोडावा लागला, वाढले अमेरिकेत, मोठेपणी व्हिएतनामला परतले आणि २०२४ मध्ये वारले. गवताच्या चटया विणणं ते घरातल्या एका नातलग बाईकडून शिकले होते. पुढे त्यांनी गवताऐवजी फोटोंच्या पट्ट्या घेतल्या. एका फोटोचा ताणा, दुसऱ्याचा बाणा. एका मालिकेत व्हिएतनाम युद्धाचे खरे फोटो आणि त्याच युद्धावरच्या हॉलिवूड सिनेमांतली दृश्यं एकमेकांत विणली. जवळून पाहिलं तर नुसते चौकोन. लांब गेलं की सैनिकाचा चेहरा दिसतो, पण तो खरा की सिनेमातला ते ठरत नाही. घरात शिकलेली कला, युद्धाची आठवण आणि सिनेमा, तिन्ही एका चटईत.

हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि करायला एक दुपार पुरते.

ए-फोर आकाराची दोन रंगीत प्रिंट काढा. थोडा जाड कागद सांगा, फार गुळगुळीत फोटो पेपर नको, पट्ट्या निसटतात. एक चित्र गडद आणि दुसरं फिकट असू द्या, दोन्ही सारखीच गडद असली तर विणल्यावर चिखल होतो. विषय म्हणाल तर घरातल्या जुन्या माणसाचा मागाशेजारचा किंवा विड्या वळतानाचा फोटो आणि त्या काळातल्या एखाद्या सिनेमाचं पोस्टर, ही जोडी चांगली जमते. पहिल्या चित्राच्या मागे एक-एक सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा आणि कापा, मात्र वरची दोन सेंटिमीटर तशीच जोडलेली ठेवा. हा ताणा. दुसरं चित्र आडवं कापून पट्ट्या पूर्ण सुट्या करा, पण कापायच्या आधी मागे क्रमांक घाला. हे विसरलात तर अर्धी दुपार जोडाजोडीत जाईल. मग एक वर, एक खाली असं विणत जा आणि प्रत्येक पट्टी वर सरकवून घट्ट करा. शेवटी मागच्या बाजूनं कडेला डिंक.

एक वर एक खाली विणलं की दोन्ही चित्रं निम्मी-निम्मी दिसतात. पण समजा, आज्जीचे डोळे जास्त दिसायला हवेत. तिथे आडवी पट्टी तीन उभ्या पट्ट्यांच्या खालून घ्या आणि एकीवरून न्या. उलट करायचं तर उलट. हा हिशेब अडला तर पूर्व भागात, म्हणजे आपल्या तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत, एखाद्या जकार्ड डिझायनरला नाहीतर जुन्या विणकराला विचारा. 'हे काय करलालास बे?' असं आधी ऐकावं लागेल, पण तोच माणूस पुढे पेन काढून ग्राफच्या चौकोनांत उत्तर देईल. कोणता दोरा कुठे वर येणार हे ठरवणं म्हणजेच चित्र काढणं, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुठल्याही कलासमीक्षेत सापडणार नाही.

याच ओळीत आणखी काही जण बघा. दक्षिण कोरियाचे दो हो सुह, जन्म १९६२, सोल. वडील शाईच्या पारंपरिक चित्रांसाठी नावाजलेले. सुह यांनी आईवडिलांचं जुन्या कोरियन पद्धतीचं घर पातळ रेशमी कापडात खऱ्या मापानं शिवलं, १९९९ मध्ये. भिंती, खिडक्या, दाराच्या कड्या, सगळं कापडाचं. घडी घालून दुसऱ्या देशात नेता येईल असं घर. कामासाठी गाव सोडलेल्या माणसाला ह्यावर टिपण वाचावं लागणार नाही. चिहारू शिओता यांनी २०१५ मध्ये व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनातल्या जपानी दालनात लाल सुताचं प्रचंड जाळं विणलं. त्यात हजारो जुन्या चाव्या लटकवल्या आणि खाली दोन जुन्या होड्या ठेवल्या. आपल्याकडच्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) तागाच्या दोरखंडांना गाठी मारत माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या करत. झाड म्हणावं की देवी, असा प्रश्न पडतो.

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचे दोघे वेगळ्या कारणासाठी बघा. हेरी दोनो (जन्म १९६०) तिथल्या चामडी छायाबाहुल्यांचा, म्हणजे वायांगचा, खेळ शिकले आणि त्यात कार्टून, भंगारातलं यंत्र, राजकीय टवाळी मिसळली. एको नुग्रोहो (जन्म १९७७) कॉमिकमधल्या मुखवट्याआडच्या माणसांची चित्रं स्थानिक भरतकाम कारागिरांकडून मोठ्या कापडावर उतरवून घेतात. मराठी माणसाला इथे एक सोय आहे आणि एक सापळाही. वायांगमध्ये अर्जुन आणि भीम भेटतात, आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री आणि चामडी बाहुल्या आठवतात, आणि आपण लगेच 'हे तर आपलंच' म्हणून मोकळे होतो. पण त्यात सेमार नावाचा एक ढेरपोट्या सेवक असतो. तो आपल्या महाभारतात नाही, आणि राजांना खरं सुनावण्याचा मान त्याचा. अर्जुन ओळखला म्हणून थांबू नका, सेमार शोधा.

पायरी ४: निसर्ग दाखवलाय की वापरलाय?

शू बिंग, जन्म १९५५, चीन. त्यांची 'बॅकग्राउंड स्टोरी' ही मालिका २००४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली. समोरून बघावं तर धुकं, डोंगर, झाडं, अगदी जुनं चिनी शाईचं निसर्गचित्र. मागे जाऊन बघावं तर काचेला चिकटवलेल्या सुक्या फांद्या, गवत, फाटके कागद, प्लॅस्टिक, चिकटपट्टी. शाईचा थेंबही नाही. दुधी काचेला जे टेकलं ते ठळक दिसतं आणि जे थोडं दूर राहिलं ते धूसर होतं, एवढ्याच युक्तीवर सगळं उभं आहे. मागची बाजू लपवलेली नसते, प्रेक्षकानं जाऊन बघावी अशीच ठेवलेली असते. इथेही उलटी बाजूच.

घरी करायचं असेल तर एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या. समोरची बाजू चौकोनी कापून तिथे बटर पेपर ताणून चिकटवा, मागची बाजू पूर्ण काढून टाका. आत बाभळीची काटकी, वाळकं गवत, कुसळं आणि मागाखालचं टाकाऊ सूत लावा. काटकी कागदाला टेकवा, सूत दोन-तीन बोटं मागे ठेवा, त्याचं धुकं होतं. उघडी बाजू खिडकीकडे करा, खोलीतला दिवा घालवा आणि समोरून बघा. गवत शेताच्या बांधावरचं घ्या. नान्नजच्या अभयारण्यातून काहीही उचलून आणू नका.

नान्नजला मात्र जरूर जा, रिकाम्या हातानं आणि वही घेऊन. निसर्गचित्र म्हटलं की आपल्या मनात शाळेपासूनचं तेच येतं. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाचं झाड. सोलापूरच्या माळावर यातलं काही नाही. गवत, खडक, काळवीट, नशीब असेल तर लांडगा, आणि ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा. क्षितिजावर विजेच्या तारा. त्या तारा चित्रातून गाळायच्या की ठेवायच्या, हा निर्णय तुमचा. शांघायचे यांग योंगलियांग (जन्म १९८०) तारा ठेवतात. त्यांचं चित्र लांबून जुनं डोंगर-पाण्याचं वाटतं, आणि जवळ गेलं की ते डोंगर म्हणजे हजारो फोटोंतल्या उंच इमारती, क्रेन आणि विजेचे मनोरे असतात. कंबोडियाचे सोफीप पिच (जन्म १९७१) वेत आणि बांबू वापरतात. नान्नजहून आलात की या दोघांची कामं एकापाठोपाठ बघा.

आणि दारूकाम. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघितलेल्या माणसाला त्साय गुओ-चियांग यांची ओळख एका वाक्यात होते: हे चिनी कलाकार (जन्म १९५७, च्वानचौ) तोफेच्या दारूनं कागदावर चित्र जाळतात आणि आकाशातही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात आकाशातून चालत येणारी २९ पावलं त्यांचीच. टीव्हीवर दिसलेली बरीचशी पावलं संगणकावर तयार केलेली होती, हे नंतर बाहेर आलं आणि गदारोळ झाला. २०१५ मध्ये त्यांनी गावाजवळच्या बेटावर फुग्याला बांधलेली ५०० मीटर उंच आगीची शिडी पहाटे पेटवली, शंभरीतल्या आजीसाठी. आजीनं ती फोनवर पाहिली. यात्रेत पुढच्या वेळी फक्त उजेड बघू नका. धूर कुठल्या बाजूला जातो, आवाज उजेडाच्या किती मागून येतो, अंधार परत कसा भरतो, हे टिपा. दारूचा प्रयोग घरी करायचा नाही, हे लिहावं लागतंय कारण कोणीतरी करतोच.

पायरी ५: आशिया म्हणजे आपणही

'एशियन आर्ट' म्हटलं की इंटरनेट जपान, कोरिया, चीन दाखवतं. आपला जिल्हा आधी बघा. एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं. भिंतीएवढा चेहरा झरझर, थोड्या रेषांत आणायची ती सवय पुढे त्यांच्या घोड्यांत आणि रामायण-महाभारताच्या चित्रांत दिसते. मुराकामींच्या कितीतरी आधी बाजारातला ब्रश आणि पुराणातला विषय इथल्या माणसानं एकत्र आणला होता. त्याच्याही आधी राजा रविवर्म्याच्या छापखान्यानं १८९४ पासून देव घराघरांत भिंतीवर नेले. आजही कॅलेंडरवरची लक्ष्मी त्याच ओळीतली.

अतुल दोडिया (जन्म १९५९) यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली. शटर वर केलं की आत दुसरं चित्र. जनगढ सिंह श्याम मध्य प्रदेशातल्या परधान गोंड गायकांच्या घरातले. गाण्यांतले देव त्यांनी ठिपक्या-रेघांत कागदावर आणले, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचले आणि २००१ मध्ये जपानमध्ये एका संग्रहालयात काम करत असताना त्यांचा अंत झाला. आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८), पद्मश्री २०११. लग्नाच्या भिंतीवर बायका काढत त्या चित्रभाषेला त्यांनी रोजचं काम केलं.

लाहोरच्या शाहझिया सिकंदर (जन्म १९६९) यांच्यासाठी थोडं थांबा. त्यांनी शिकायला घेतलं तेव्हा लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायचा माल, असाच समज होता. त्यांनी १९८९-९० मध्ये पदवीसाठी एक लांब गुंडाळी काढली. जुन्या दरबारी पद्धतीच्या बारकाईत आजचं पाकिस्तानी घर, आणि खोल्याखोल्यांतून फिरणारी पांढऱ्या कपड्यातली एक पारदर्शक मुलगी. चेहरा कुठे नीट दिसत नाही. त्या एका कामानंतर लाहोरात लघुचित्रांकडे बघायची नजरच बदलली. ज्यांना वाटतं की पारंपरिक कला शिकली की हात बांधले जातात, त्यांनी ही गुंडाळी मोठी करून, खोली-खोलीनं बघावी.

पायरी ६: प्रत्यक्ष बघायला जा

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालात की सकाळी सीएसएमटी. तिथून काळा घोडा हा संग्रहालयांचा आणि गॅलऱ्यांचा भाग चालत जाण्यासारखा. वंदे भारत आरामाची, पण ती दुपारी पोचवते आणि निम्मा दिवस गाडीतच जातो. सोमवार टाळा, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. खासगी गॅलऱ्यांसाठी रविवारही टाळा, बहुतेक बंद असतात. म्हणजे मंगळवार ते शनिवार.

क्रम असा ठेवा. आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथला चिनी-जपानी वस्तूंचा विभाग आणि भारतीय लघुचित्रं. जुनं आधी बघितलं की नव्यात काय मोडलंय ते कळतं. मग आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी. जहांगीरमध्ये प्रवेश मोफत आहे. उरलेल्या वेळात कुलाबा-फोर्टमधल्या गॅलऱ्या. बऱ्याच जुन्या इमारतींत, बंद दारामागे असतात. बेल वाजवायची, आत जायचं, बघायचं. तिकीट नसतं आणि 'घेणार का?' असं कोणी विचारत नाही. टेबलावर प्रदर्शनाचं माहितीपत्रक असतं, ते मागून घ्या, पण वाचा बाहेर आल्यावर. आधी चित्र, नंतर पाटी. फोटो काढायची परवानगी असेल तर कामाबरोबर पाटीचाही फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कोणाचं काय ते आठवत नाही.

मुंबईपेक्षा हैदराबाद आपल्याला जवळ आहे, हे आपण विसरतो. सालारजंग संग्रहालयात जपानी आणि चिनी वस्तूंची स्वतंत्र दालनं आहेत. शुक्रवारी बंद. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत, आणि पूर्व भागात ते बहुतेकांचे असतात, त्यांनी लग्नाला जाताना एक दिवस वाढवावा. मोठा बेत करायचा असेल तर केरळातलं कोची-मुझिरिस बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन, २०१२ पासून साधारण दर दोन वर्षांनी डिसेंबरात सुरू होतं. गोदामांत आणि जुन्या वखारींत मांडलेलं असल्यानं आपल्या जुन्या गिरण्या बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

जाता येत नसेल तर गूगल आर्ट्स अँड कल्चर आणि मोठ्या संग्रहालयांची स्वतःची संकेतस्थळं. ब्रिस्बेनचं क्वीन्सलँड आर्ट गॅलरी १९९३ पासून आशिया-पॅसिफिक त्रिवार्षिक प्रदर्शन भरवतं, हाँगकाँगचं एम प्लस २०२१ मध्ये उघडलं, दोन्हींची माहिती भरपूर आणि मोफत. फोटोंच्या ॲपवर शोधू नका. तिथे कुसामांच्या नावावर एआयनं काढलेले भोपळेही फिरतात.

काही जण या वाटेनं पुढे स्वतःच डिझाइन करू लागतील, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. मुराकामींचं फूल टॉवेलवर उतरवून विकणं हा कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, नवी पेठेत कोणी विकतंय म्हणून ते चालतं असं नाही. वारली किंवा गोंड आकृत्यांचं काम करायचं तर त्या समाजातल्या चित्रकाराला कामात घ्या, मोबदला द्या, लेबलवर नाव घाला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दुसऱ्या गावच्या मालावर आपलं नाव लागलं की आपल्याला राग येतो. तेवढा हिशेब इथेही लावायचा.

मुंबईहून परतीची सिद्धेश्वरही रात्रीचीच आहे. जागा आधीच पक्की करा, शनिवारी रात्री ती भरलेली असते. माहितीपत्रकं गाडीतच वाचून संपवा आणि तिसरा कलाकार कोण ते सोलापूर यायच्या आत ठरवा.